विशीत टक्कल पडायला लागलेल्या समलिंगी मुलासाठी: काय करायचं, कोणत्या क्रमानं

माझ्या कपाळावरची केसांची रेषा मागे सरकतेय हे मला आरशाच्या आधी आत्यानं सांगितलं. मी बावीस वर्षांचा होतो. सांगलीला चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीला मठ्ठा वाढत होतो. पुढे वाकलो तसं माझं डोकं तिच्या नजरेसमोर आलं आणि ती आईला म्हणाली, "वहिनी, याचं उरकून टाका आता. अजून दोन वर्षं थांबलात तर डोक्यावर काही राहायचं नाही, मग कोण देणार मुलगी?" आख्खी पंगत हसली. किटली हातात धरून मीही हसलो.

मला मुलगी नकोच होती. तरी त्या रात्री मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये मोबाईलचा टॉर्च लावून मी डोक्याचे फोटो काढत बसलो, कारण आत्याचं वाक्य माझ्या डोक्यात वेगळ्याच रूपात शिरलं होतं: मला जो मुलगा आवडेल, तो टकल्याकडे कशाला बघेल?

आपल्यासारख्यांच्या बाबतीत हा प्रश्न असा दोन्हीकडून येतो. घरचे म्हणतात केस आहेत तोवर लग्न कर. डेटिंग अ‍ॅपवर पंचविशीतल्या मुलाला 'अंकल' म्हणतात. त्यात ज्याच्यावर जीव जडतो तोही पुरुषच, म्हणजे त्याचे दाट केस एकाच वेळी आवडतात आणि डाचतात. त्यामुळे 'केस गळताहेत' आणि 'मी एकटा पडणार' ही दोन दुखणी एकमेकांत इतकी मिसळतात की आपण दुसऱ्यावरचा उपाय म्हणून पहिल्याचं औषध घ्यायला लागतो. मी तेच केलं. आज मी चौतिशीत आहे, डोकं चकोट आहे, आणि मधल्या बारा वर्षांत जे उलटसुलट केलं ते सरळ क्रमानं लिहितोय.

आधी कोणतं गळणं आहे ते ओळख

रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचंच असतं. फणीतले केस मोजत बसू नकोस. महत्त्वाचं हे की केस कुठून जातायत आणि उरलेले बारीक होतायत का. पुरुषी टकलात कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि माथ्यावरच्या भोवऱ्यातून केस विरळ होतात. कानामागचे आणि मानेवरचे शाबूत राहतात. हॅमिल्टननं १९५१ साली या प्रकाराची वर्गवारी केली, नॉरवूडनं १९७५ मध्ये ती सुधारली. डॉक्टर अजूनही तीच सात टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. ज्यांच्या केसांची मुळं त्याला संवेदनशील असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो, शेवटी नुसती लव उरते. गंमत म्हणजे हेच डीएचटी दाढी आणि छातीवरचे केस वाढवतं. वरून काढून खाली लावतं म्हण ना.

अपराधी वाटून घेणाऱ्यांसाठी सांगतो, हस्तमैथुनानं टक्कल पडत नाही. कोणाबरोबर झोपतोस यानंही नाही. 'आईच्या घराण्यातून येतं' हे अर्धं खरं. एक महत्त्वाचा जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो, पण वडिलांकडचेही जनुक त्यात असतात. म्हणून मामाचं डोकं बघ आणि काकाचंही बघ.

पण गळणारं प्रत्येक डोकं याच रांगेतलं नसतं. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, एखादं ऑपरेशन किंवा भलतंच कडक डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठमूठ केस जाऊ शकतात. ते बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबतं. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई; तिचे उपचार वेगळे. खाज, कोंडा, तुटलेले केस असतील तर गजकर्ण असू शकतं. मेडिकलवाल्यानं दिलेली स्टेरॉइडची ट्यूब अशा वेळी चोळलीस तर ते आणखी पसरतं.

आणि एक कारण असं की जे केसांच्या जाहिरातीत कधी नसतं: सिफिलिस, लैंगिक संबंधातून होणारा आजार. याच्या दुसऱ्या टप्प्यात कसरीनं कुरतडल्यासारखे, जागोजागी छोटे छोटे विरळ चट्टे पडतात, कधी भुवयांचेही केस जातात. सोबत अंगावर किंवा तळहात-तळपायांवर न खाजणारे लालसर डाग, बारीक ताप, सुजलेल्या गाठी असू शकतात. पहिल्या टप्प्यातली जखम दुखत नाही, शिवाय ती गुदद्वाराच्या आत असेल तर दिसतही नाही, म्हणून कित्येकांना पत्ता लागत नाही. व्हीडीआरएल ही साधी रक्ताची तपासणी. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ती मोफत होते, आणि पेनिसिलिननं आजार बरा होतो. केसही परत येतात! टकलाच्या कारणांत इतकी सरळ सुटणारी थोडीच.

डॉक्टरकडे काय बोलायचं

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. 'हेअर क्लिनिक'च्या काचेमागे कोट घालून बसलेल्या काउन्सेलरकडे नको. 'ट्रायकॉलॉजिस्ट' (केसतज्ज्ञ) अशी पाटी दिसली तर तिच्याखालची पदवी वाचायची. पहिल्या भेटीत डॉक्टर दुर्बिणीसारख्या उपकरणानं मुळं बघतील आणि लक्षणं तशी असतील तर थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) वगैरे तपासण्या सांगतील.

'लग्न झालंय का?' हा प्रश्न येणारच. टकलाच्या गोळीचा वीर्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून तो विचारतात, पण ऐकताना आत्याच समोर बसल्यासारखं वाटतं. साध्या पुरुषी टकलासाठी तू समलिंगी आहेस हे सांगायची काही गरज नाही. 'नाही, आणि मुलाचा विचारही नाही' एवढं पुरतं. मात्र चार गोष्टी लपवायच्या नाहीत: चट्टे किंवा पुरळ असेल तर लैंगिक संबंध, एचआयव्हीची किंवा प्रेपची (एचआयव्ही होऊ नये म्हणून घेतात ती) चालू औषधं, जिममध्ये घेतलेली इंजेक्शनं (बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉननं टक्कल वेगानं पुढे सरकू शकतं), आणि पॉपर्स (सेक्सच्या वेळी हुंगतात ते द्रव) किंवा ताठरतेच्या गोळ्या. तोंडातून शब्द फुटत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकव. मी तेच केलं होतं. डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली आणि व्हीडीआरएल लिहून दिली. मी आदली आख्खी रात्र जागून काढली होती ती बहुधा एवढ्यासाठीच.

औषधं दोन. बाकी सगळी जत्रा

मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि त्यावरून त्याचा लोशन म्हणून उपयोग सुचला. अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. नेहमीची पद्धत अशी की ५ टक्क्यांचं द्रावण, एका वेळी १ मिलि, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. म्हणजे ६० मिलिची बाटली महिनाभर. केसांना लावून उपयोग नाही, ते कातडीला लागलं पाहिजे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात आणि नव्वद टक्के मुलं तिथेच घाबरून बाटली फेकतात (हा आकडा माझ्या मित्रमंडळातला आहे, कुठल्या अभ्यासातला नाही). त्या गळण्याचा अर्थ जुने केस नव्यांना जागा देतायत. चार ते सहा महिने थांबल्याशिवाय निकाल लावायचा नाही. आणि बंद केलंस की जे मिळालं ते काही महिन्यांत जातं, हे पहिल्याच दिवशी मान्य करून टाक.

रात्री लावलं तर पूर्ण वाळेपर्यंत झोपू नकोस, नाहीतर उशीवरून ते तुझ्या किंवा शेजारच्याच्या गालाला लागतं. घरात मांजर असेल तर फार जपायचं. मिनॉक्सिडिल मांजराला विषारी असतं, थोडं चाटलं तरी. काही डॉक्टर हल्ली याची कमी मात्रेची गोळी देतात. ती रक्तवाहिन्या सैल करते. पॉपर्सही तेच करतात. दोन्ही एकत्र आले तर रक्तदाब एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते, म्हणून कागदावर पॉपर्स लिहायला सांगितलं.

फिनास्टेराइड ही दुसरी. रोज १ मिग्रॅची गोळी. टकलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता. ती रक्तातलं डीएचटी साधारण सत्तर टक्क्यांनी कमी करते, आणि आहेत ते केस टिकवायला तिच्याइतकं भरवशाचं दुसरं फारसं नाही. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. थोड्या पुरुषांना इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं हे त्रास होतात. बहुतेकांचे गोळी थांबवल्यावर जातात, काही जण ते टिकल्याचं सांगतात. शिवाय मन खचण्याचा, आत्महत्येचे विचार येण्याचा धोका आहे. युरोपच्या औषध नियामकानं २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून नोंदवला. तुला आधीपासून नैराश्य असेल, आणि घरी लपून राहणाऱ्या किती जणांना ते नसतं, तर हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा नको. मनात काही बदल वाटला तर 'बघू अजून महिनाभर' करायचं नाही. गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा.

ताठरतेचा हिशोब डॉक्टर तुझ्यासाठी मांडून देत नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर नवरा-बायको असतात. तो तुझा तू मांड. टॉप (संबंधात आत जाणारा) असशील तर हा धोका तुला मोठा वाटेल, बॉटम (आत घेणारा) असशील तर कदाचित कमी. जोडीदार असेल तर त्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे एखादी रात्र फिकी गेली की तो स्वतःला दोष देत बसणार नाही. मी सुरू करण्याआधी दोन आठवडे 'सकाळी ताठरता होती/नव्हती' असं वहीत लिहून ठेवलं होतं. नुसत्या भीतीनंही त्रास होतो, आणि त्या वहीमुळे भीती कुठली आणि गोळी कुठली हे बऱ्यापैकी कळलं.

दोन बारीक गोष्टी. घरात वहिनी किंवा बहीण गरोदर असेल तर तुटलेली गोळी तिच्या हाताला लागू देऊ नकोस. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला त्यातून धोका असतो. आणि ही गोळी चालू असताना व बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नसतं. तसंही २०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी समलैंगिक पुरुषांना रक्तदानातून वगळलेलंच आहे, म्हणजे ऑफिसच्या शिबिरात आता तुझ्याकडे एक सांगण्यासारखं कारण आलं.

दर तीन महिन्यांनी धुतलेल्या, वाळलेल्या केसांचे त्याच खिडकीत, त्याच वेळी चार फोटो काढ. मध्ये अजिबात नाही. आरसा रोज वेगळं बोलतो.

कांद्याचा रस, जास्वंद, माका, वडाच्या पारंब्यांचं तेल: आजीनं प्रेमानं लावून दिलं तर लावून घे. डोकं शांत होतं, झोप चांगली लागते. टक्कल थांबत नाही. बायोटिनच्या रंगीत गोळ्यांनीही नाही, शरीरात त्याची कमतरता असल्याशिवाय.

प्रत्यारोपण: पंचविशीच्या आत नकोच

मानेमागचे केस काढून पुढे लावतात, म्हणजे नवं काही उगवत नाही, एका खिशातलं दुसऱ्या खिशात. तो मागचा खिसा मर्यादित आहे. बाविसाव्या वर्षी कपाळाचे कोपरे भरून घेतलेस आणि तिशीत त्यांच्या मागचं सगळं गेलं, तर पुढे केसांचं कुंपण आणि मागे मोकळं मैदान असं ध्यान होतं. टकलाचा नकाशा स्थिर होऊ दे, औषध वर्षभर करून बघ, मग विचार. ही शस्त्रक्रिया आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की ती तसं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करायची. यूट्यूब बघून शिकलेल्यांनी नाही. म्हणून तीन प्रश्न: चीर कोण देणार, भूल कोण देणार, आणि रक्तदाब पडला तर इथे काय सोय आहे? 'आमचा टेक्निशियन फार हुशार आहे' असं उत्तर आलं की चप्पल घालायची.

लावलेले केस महिन्याभरात गळून पडतात, नवे तीन-चार महिन्यांनी दिसतात आणि खरा निकाल वर्षानं. 'दिवाळीच्या आत' असं कोणी सांगत असेल तर कुठल्या दिवाळीच्या ते विचार.

अ‍ॅप आणि अंथरूण

मी चार वर्षं टोपी घालून फोटो टाकले. त्यामुळे प्रत्येक भेटीच्या आधी माझ्या पोटात गोळा यायचा: टोपी काढल्यावर काय? एकदा कॅफेत समोरच्यानं सहज म्हटलं, "उकडत नाही का तुला?" मे महिना होता. मी म्हटलं, "नाही." आणि घाम पुसत बसलो.

आत्ताचा फोटो टाक, डोकं दिसेल असा. मेसेज कमी येतील, हे खोटं कशाला सांगू? पण जे येतील ते तुझ्या खऱ्या डोक्याला आलेले असतील आणि मे महिन्यात टोपी लागणार नाही. विरळपणा झाकायला केराटिनचे फायबर (केसांच्या रंगाची पूड) भुरभुरत असशील तर लग्नसमारंभापुरते ठीक. अंथरुणात ते घामानं ओघळतात आणि पांढऱ्या अभ्र्यावर काळं पीठ सांडल्यासारखं दिसतं. पॅच चिकटवत असशील तर कोणी डोक्यातून हात फिरवायच्या आत सांगून मोकळा हो. 'वरचे केस नकली आहेत, ओढू नकोस' हे वाक्य हसत म्हणता येतं. मी म्हटलंय.

'टकले, जाडे, बायकी नकोत' असं लिहिणारे भेटतील. त्यांना पटवायला जाऊ नकोस, ब्लॉक कर. त्या यादीत उद्या तुझ्याऐवजी दुसरं कोणी असतं आणि तू केसवाला असतास तरी त्या माणसाबरोबर चहा प्यावासा वाटला असता का? याच दुनियेची दुसरी गल्लीही आहे. केसाळ, भरल्या अंगाच्या, दाढीवाल्या पुरुषांची 'बेअर' संस्कृती १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आली. तिथे टक्कल हा दोष मानत नाहीत. सगळ्यांनाच ती गल्ली मानवते असं नाही. मी बारीक अंगाचा, मला तिथेही उपऱ्यासारखंच वाटलं. मला माणसं मिळाली ती स्क्रीनच्या बाहेर. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. अशा ठिकाणच्या बैठकांना किंवा प्राइड मिरवणुकीला गेलास तर पस्तिशी-चाळिशीतले टकले समलिंगी पुरुष आपल्या जोडीदाराशी भाजी कोण आणणार यावरून भांडताना दिसतात. विशीत मला हे एकदा तरी दिसायला हवं होतं.

घरच्यांसाठी एक तयार वाक्य ठेव. आत्याला मी आता म्हणतो, "आत्या, केस गेले, तेवढ्यासाठी कुणाच्या मुलीला कशाला फसवायचं?" ती हसते आणि पुढच्या पाहुण्याकडे वळते. हे काही बाहेर येणं, म्हणजे आपण समलिंगी आहोत हे सांगणं, नाही. ते कधी, कुणापाशी करायचं हे तुझं तू ठरवायचंस, केसांच्या घाईनं नाही.

दिवसातला तासतासभर आरशात जात असेल, वर्ग किंवा ऑफिस बुडत असेल, जगणं नको वाटत असेल, तर तेल-औषध बाजूला ठेव आणि १४४१६ वर फोन कर. ती टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा. दिवसरात्र, मोफत, मराठीतही.

आणि शेवटी, मशीन

हे शेवटी लिहितोय, पण करून मात्र सगळ्यात आधी बघ. विरळ केस लांब ठेवले की जास्त विरळ दिसतात. सलूनमध्ये सांग: बाजूला एक नंबर, वर दोन. म्हणजे बाजूला साधारण ३ मिमी, वर ६. एका कानावरून दुसरीकडे फिरवलेली बट तर आजच काप. दाढी येत असेल तर थोडी राख, चेहऱ्याला खालून भार येतो.

एकदम चकोट करायचं ठरवलंस तर आपल्याकडची एक अडचण लक्षात ठेव: अचानक गोटा केलेला मुलगा दिसला की सोसायटीतले लोक आवाज उतरवून विचारतात, "घरी सगळं ठीक ना?" माझ्या आईला तर दारातच धस्स झालं. तिला आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. मिशी-दाढी ठेवलीस तर सुतकाची शंका बरीचशी मिटते. तिरुपतीला केस देऊन आलो असंही सांगता येतं, पण मग प्रसादाचा लाडू मागतात.

सुट्टीच्या आधल्या संध्याकाळी कर. आधी मशीन शून्यावर, मग गरम पाण्याचं फडकं, फेस आणि नवं ब्लेड. केसांच्या दिशेनं, मानेमागे घाई न करता. पहिले काही दिवस टाळू चेहऱ्यापेक्षा फिकी दिसते, ती रंगावर येते. बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लाव, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तिथे थेट ऊन पडतंय. रात्री पंख्याचा वारा डोक्याला लागतो आणि काही दिवस त्याचीच मजा वाटते. दुचाकी चालवत असशील तर हेल्मेट घालून बघ, केस गेल्यावर ते सैल होतं. आतलं पॅडिंग जाड घे किंवा एक साइज लहान.